चूल आणि शेत

पहाटेची वेळ असते. गोठ्यातील गुरे नुकतीच उठून अंग झाडीत असतात. घरातील म्हातारी पाटी घेऊन गोठ्यात शिरते, रात्रीचे शेण गोळा करते, त्यात थोडा भुसा मिसळते आणि परसातील भिंतीवर एकामागून एक गोवऱ्या थापू लागते. उन्हाळ्यात वाळलेल्या गोवऱ्यांचा हुडवा रचून तो पावसापूर्वी शाकारला, की वर्षाच्या जळणाची चिंता मिटते. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे.

इतक्यात घरधनी रिकामे घमेले घेऊन तेथे येतो आणि म्हणतो, "सगळे शेण थापून टाकू नकोस. उकिरड्यात काही पडले नाही, तर शेताला खत कोठून आणू?"

"आणि सगळे शेण उकिरड्यात गेले, तर भाकरी कशावर भाजू?" म्हातारी हातातील काम न थांबवता विचारते.

दोघांचेही म्हणणे खरे असते. म्हणूनच हा वाद कधी मिटत नसे. शेण एक आणि त्यावर हक्क सांगणारे दोन : चूल आणि शेत. चुलीला दिले तर शेत उपाशी, शेताला दिले तर चूल थंड. 'गोवऱ्या जळतात आणि शेण हसते' अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. दुसऱ्याच्या संकटास जो आज हसतो, त्याच्यावरही उद्या तीच पाळी येते, असा तिचा आशय आहे. ज्या कोणी ही म्हण प्रथम उच्चारली, त्याच्या दृष्टीने शेणाच्या नशिबी वाळणे आणि जळणे एवढेच होते.

शेण जाळल्याने नेमके काय हरवते, हे समजण्यासाठी शेणाचे मूळ पाहिले पाहिजे. गाय जो कडबा व गवत खाते, ते शेतातूनच आलेले असते. वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि जमिनीतील पाणी यांपासून आपले अन्न तयार करतात. त्याखेरीज नत्र, स्फुरद व पालाश ही द्रव्ये त्या मुळांवाटे मातीतून शोषून घेतात. गाईने चारा खाल्ल्यावर यांतील बराच भाग शेणामूत्रात उतरतो. याचा अर्थ असा, की शेणाच्या प्रत्येक पाटीत सूर्याची थोडी उष्णता साठलेली असते आणि जमिनीचे थोडे ऋणही असते.

गोवरी पेटली, की तिच्यातील कार्बन उष्णता देऊन हवेत निघून जातो. त्याबद्दल दुःख करण्याचे कारण नाही, कारण तो हवेतूनच आलेला असतो. परंतु त्याच्याबरोबर नत्रही धुरावाटे उडून जाते. स्फुरद व पालाश राखेत उरतात. पण मातीला भुसभुशीत ठेवणारे आणि तिच्यात ओल टिकवणारे सेंद्रिय द्रव्य राखेत उरत नाही. एवढी किंमत मोजूनही उष्णता पुरती हाती लागत नाही. साध्या चुलीत गोवरी जाळली असता तिच्या उष्णतेपैकी सुमारे दहावा हिस्साच भांड्याला मिळतो. बाकीची उष्णता इकडेतिकडे वाया जाते. उरतो तो धूर. फुंकणी घेऊन चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांतून पाणी वाहते आणि त्यांच्या कडेवरील मुलांना खोकला जडतो. हा धूर वर्षानुवर्षे छातीत गेल्याने फुप्फुसांचे गंभीर विकार होतात, असे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे.

मग शेणातील उष्णता काढून घ्यावी आणि जमिनीचे ऋण मात्र तसेच राखावे, अशी काही युक्ती आहे काय? अशी युक्ती आहे. निसर्ग ती माणसापूर्वी लक्षावधी वर्षांपासून जाणतो. माणसाला तिचा सुगावा लागला तो गोठ्यात लागला नाही. तो लागला एका सरोवराच्या काठी.

१७७६ सालच्या शरद ऋतूत आलेस्सांद्रो व्होल्टा हा इटालियन शास्त्रज्ञ मॅजोरे सरोवरात नावेतून हिंडत होता. विजेच्या घटाचा शोध लावून तो पुढे जगप्रसिद्ध झाला. सरोवराच्या काठालगत पाणी उथळ होते आणि तळाशी कुजलेल्या पाल्याचा चिखल साचला होता. व्होल्टाने हातातील काठीने तो चिखल ढवळला, तेव्हा पाण्यातून बुडबुडे वर येऊ लागले. त्याने पाण्याने भरलेली बाटली त्या बुडबुड्यांवर पालथी धरून त्यांतील वायू गोळा केला. त्याला ज्योत लावून पाहताच तो वायू निळसर ज्योतीने जळू लागला. आपण आज ज्याला मिथेन म्हणतो, तोच हा वायू होय.

कुजलेल्या पाल्यात हा वायू येतो कोठून? याचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांपाशी आहे. जेथे हवा पोहोचत नाही अशा ठिकाणी सेंद्रिय पदार्थ पडून राहिले, की सूक्ष्म जंतूंच्या टोळ्या त्यांवर पाळीपाळीने काम करू लागतात. पहिली टोळी पाला, तूस व चोथा यांतील मोठे रेणू फोडून त्यांचे साधे पदार्थ करते. दुसरी टोळी या साध्या पदार्थांची आम्ले बनवते. शिरक्याला आंबटपणा देणारे ॲसेटिक आम्ल त्यांतलेच एक. तिसरी टोळी त्या आम्लांपासून मिथेन वायू तयार करते. या तिसऱ्या टोळीतील जंतू फार नाजूक असतात. त्यांना प्राणवायूचा स्पर्श सोसत नाही, थंडीही फारशी मानवत नाही. गाईच्या पोटात, जेथे हवा शिरत नाही आणि ऊब मात्र कायम असते, तेथे ते सुखाने नांदतात. म्हणून शेणाबरोबर हे जंतूही आपोआप बाहेर येतात. दुधाला विरजण लावावे लागते. शेण मात्र आपले विरजण आपल्याबरोबरच घेऊन येते.

या ज्ञानाचा उपयोग करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले, आणि त्यांत मुंबईलाही स्थान आहे. १८९७ साली माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय करण्यात आली आणि त्या वायूवर इंजिन चालवण्यात आले. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस नवी दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायू मिळवण्याचे पद्धतशीर प्रयोग केले. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी खेड्यातील कुटुंबाला वापरता येईल असे संयंत्र तयार केले. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धन यांनीही मैला व शेण यांचा असा सदुपयोग करण्याचे प्रयोग आरंभले. 'कोकणचे गांधी' म्हणून लोक ज्यांना ओळखत, तेच हे आप्पासाहेब. ज्या घाणीपासून लोक तोंड फिरवीत, तिच्यातच स्वच्छता, जळण आणि खत या तिन्ही गोष्टी दडलेल्या आहेत, हे ते स्वतः काम करून दाखवीत. १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने जशभाईंच्या पद्धतीचे संयंत्र गावोगाव पोहोचवण्याचे काम हाती घेतले, आणि 'गोबरगॅस' हा शब्द मराठी घरांत रुळला.

या संयंत्राची रचना समजण्यास सोपी आहे. गोठ्याजवळ विहिरीसारखा खोल खड्डा खणून तो विटांनी बांधून काढतात. एका बाजूला लहानशी कुंडी असते. तीत रोजचे शेण आणि तितकेच पाणी घालून कालवतात. हा शेणकाला नळावाटे विहिरीच्या तळाशी जातो. विहिरीवर एक मोठी लोखंडी टोपी पालथी घातलेली असते. आत वायू साठू लागला, की ही टोपी हळूहळू वर उचलली जाते. वायू वापरला, की ती खाली बसते. त्यामुळे आज किती वायू शिल्लक आहे, हे अंगणातून नुसते पाहूनही कळते. टोपीवरील नळी थेट स्वयंपाकघरातील शेगडीपर्यंत नेलेली असते. शेणकाला आत सुमारे चाळीस ते पन्नास दिवस राहतो. रोज जितका नवा काला आत जातो, तितकाच जुना दुसऱ्या बाजूच्या नळावाटे बाहेर पडतो. लोखंडी टोपी महाग पडते व गंजते, म्हणून १९७८ साली उत्तर प्रदेशातील अजितमल येथील संशोधन केंद्राने विटांच्या घुमटाचे 'जनता' संयंत्र तयार केले, आणि १९८४ साली त्याहून कमी खर्चाचे 'दीनबंधू' संयंत्र पुढे आले.

ज्या घरी चार-पाच मोठी गुरे आहेत, तेथे रोज सुमारे ५० किलो शेण मिळते. एवढ्या शेणापासून सुमारे २ घनमीटर वायू तयार होतो. पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक त्यावर होतो. या वायूत निम्म्याहून अधिक भाग मिथेन असतो आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. तो निळ्या ज्योतीने जळतो, भांडी काळी करीत नाही आणि धूरही करीत नाही. शिवाय शेगडीवर त्याच्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक भांड्याला मिळते. म्हणून त्याच शेणाच्या गोवऱ्या जाळून जेवढा स्वयंपाक होईल, त्याहून अधिक स्वयंपाक वायूवर होतो.

आणि जमिनीचे ऋण? या साऱ्या युक्तीचे मर्म येथेच आहे. मिथेन हा केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांचा बनलेला असतो. त्यात नत्र नाही, स्फुरद नाही, पालाशही नाही. म्हणून वायू निघून गेला, तरी ही द्रव्ये बाहेर पडणाऱ्या पातळ खतात जवळजवळ पूर्णपणे शिल्लक राहतात. या खताला उकिरड्यासारखी दुर्गंधी येत नाही, त्यावर माश्याही फारशा बसत नाहीत, आणि आत कुजून गेल्यामुळे त्यातील तणांचे बरेचसे बी मरून गेलेले असते. चुलीने आपला वाटा घेतला आणि शेताला आपला वाटा मिळाला. म्हातारी आणि तिचा धनी यांच्या वादात दोघेही जिंकले!

असे असूनही घरोघर गोबरगॅस झाला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९८१-८२ पासून शासनाने राष्ट्रीय योजना आखून या कामास साहाय्य दिले आणि देशभरात सुमारे ५० लाख घरगुती संयंत्रे बांधली गेली. परंतु त्यांतील पुष्कळशी पुढे बंद पडली. कोठे टोपी गंजली आणि ती दुरुस्त करणारा मिळाला नाही. कोठे दुष्काळात गुरे विकावी लागली. कोठे कालवण्यास पाणीच उरले नाही. कडक थंडीत जंतूंचे काम मंदावते आणि ऐन हिवाळ्यात वायू कमी पडतो. पुढे गॅसचे सिलिंडर घरापर्यंत येऊ लागले, तेव्हा रोज शेण कालवण्याचा कंटाळाही आला. यंत्र विकत घेता येते. त्याची रोजची निगा मात्र विकत मिळत नाही.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. गावात ज्यांच्यापाशी गुरे नाहीत, जमीनही नाही, अशी माणसे रस्त्यावरचे आणि माळावरचे शेण वेचून आपली चूल पेटवीत. शेणाला किंमत आली, तसे गुरांचे मालक ते जपून ठेवू लागले. श्रीमंताच्या घरी निळी ज्योत पेटली आणि गरिबाचे फुकटचे जळण गेले, असे काही गावांत घडले. म्हणून गावाने मिळून एक मोठे संयंत्र चालवावे आणि वायू सर्वांना द्यावा, असेही प्रयोग झाले. कोणतीही नवी युक्ती चांगली की वाईट, हे ठरवताना तिने किती वायू दिला एवढेच मोजून भागत नाही. तो कोणाला मिळाला, हेही पाहावे लागते.

जो प्रश्न शेणाचा, तोच आज फार मोठ्या प्रमाणावर शेतातील इतर मालाचाही झाला आहे. झाडेझुडपे, पिकांचे अवशेष, शेण, स्वयंपाकघरातील खरकटे अशा सजीवांपासून मिळणाऱ्या सर्व पदार्थांना मिळून 'जैवभार' असे म्हणतात. त्यापासून इंधन, वीज आणि उपयुक्त रसायने मिळवण्याचा उद्योग जगभर चालला आहे. महाराष्ट्रात त्याचे उत्तम उदाहरण पाहावयाचे, तर साखर कारखान्यात गेले पाहिजे. एक टन ऊस गाळला असता सुमारे १०० ते ११० किलो साखर मिळते. त्याशिवाय उरते ते असे : ओलसर चिपाड सुमारे २८० ते ३०० किलो, मळी सुमारे ४० किलो आणि रस गाळताना निघालेला प्रेसमड नावाचा गाळही जवळजवळ तितकाच. एके काळी यांतील पुष्कळसा भाग निरुपयोगी समजला जाई.

आता चिपाड बॉयलरमध्ये जाळून कारखाना स्वतःची वाफ व वीज निर्माण करतो आणि उरलेली वीज इतरांना विकतो. मळीत साखरेचा अंश असतो. यीस्ट नावाच्या सूक्ष्म बुरशीने ती आंबवली, की तिच्यापासून अल्कोहोल मिळते. ४० किलो मळीपासून सुमारे ९ लिटर. या अल्कोहोलपासून ॲसेटिक आम्लासारखी रसायने बनतात. २०२० साली महामारी आली, तेव्हा हातांवर लावण्याचे निर्जंतुक द्रव अनेक कारखान्यांनी याच अल्कोहोलपासून तयार करून दिले. पाण्याचा अंश काढून टाकलेले अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, पेट्रोलमध्ये मिसळतात. २००३ साली काही राज्यांत शंभर भागांत ५ भाग इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला. २०२५ साली हे प्रमाण २० भागांपर्यंत पोहोचले.

परंतु येथेही चूल आणि शेत यांचा जुना वाद उभाच आहे. अल्कोहोल काढून घेतल्यावर गडद तपकिरी सांडपाणी उरते. ते तसेच ओढ्यात सोडले, तर त्यातील पदार्थ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात. तेच सांडपाणी बंद टाकीत घातले, तर मॅजोरे सरोवरातील त्याच जंतूंच्या मदतीने त्यापासून मिथेन मिळतो. उसाचे पाचट शेतात पेटवून दिले, तर मातीच्या अंगावरचे पांघरूण जळते. ते सरीत पसरून कुजू दिले, तर ओल टिकते आणि खतही होते. इंधनासाठी ऊस वाढवला, तर त्याला पाणी किती लागते आणि त्या पाण्यावर इतर पिकांचा हक्क किती, याचाही हिशोब करावा लागतो. जैवभार म्हणजे फुकटचा खजिना नव्हे. त्यातील प्रत्येक मुठीत जमिनीचा वाटा असतो, आणि तो वाटा तिला परत केला तरच पुढच्या वर्षी ती दुसरी मूठ देते.

म्हातारीच्या परसात आता कदाचित भिंतीवरच्या गोवऱ्या नसतील. कोठे तेथे सिलिंडर आला असेल, कोठे विटांचा घुमट अर्धा जमिनीत दडून काम करीत असेल. जेथे तो आहे, तेथे सकाळी शेण कालवले जाते, दुपारी निळ्या ज्योतीवर भाकरी फुगते आणि संध्याकाळी त्याच शेणाचे खत वाफ्यात पडते. शेण अजूनही हसत असेल. पण आता दुसऱ्याला जळताना पाहून नव्हे, तर आपण चूल आणि शेत या दोघांच्याही उपयोगी पडलो म्हणून!

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) घरधनी आणि म्हातारी यांचा वाद कधी मिटत का नसे?
(आ) व्होल्टाने सरोवरातील वायू कसा गोळा केला?
(इ) संयंत्रात किती वायू शिल्लक आहे, हे कसे कळते?

२. कारणे द्या.
(अ) वायू निघून गेला, तरी शेणातील खताचा गुण टिकतो.
(आ) गोबरगॅसची पुष्कळ संयंत्रे बंद पडली.
(इ) काही गावांत गोबरगॅसमुळे गरिबांची अडचण झाली.

३. 'यंत्र विकत घेता येते. त्याची रोजची निगा मात्र विकत मिळत नाही.' या वाक्याचा अर्थ तुमच्या पाहण्यातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. 'गोवऱ्या जळतात आणि शेण हसते' या म्हणीचा अर्थ सांगा. घर, चूल किंवा शेती यांच्याशी संबंधित आणखी तीन म्हणी मिळवा.

५. तुमच्या घरातील किंवा शाळेतील एका दिवसाचा ओला कचरा तोला. त्याचे पुढे काय होते, याची चौकशी करून दहा ओळींत लिहा.